निळी बाळं आणि एक नवी वाट : टेट्रॉलॉजी ऑफ फॅलोची पार्श्वभूमी

फ्रान्समधल्या मार्सेचे डॉक्टर आर्थर फॅलो यांनी 1888 मध्ये निळसर पडणाऱ्या रुग्णांच्या हृदयातले चार दोष एकत्र मांडले : खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, महाधमनी भोकाच्या वर सरकलेली आणि उजव्या कप्प्याची भिंत जाड. या चौकडीलाच टेट्रॉलॉजी ऑफ फॅलो म्हणतात. खरा घोळ अरुंद वाटेचा. ती जितकी चिंचोळी, तितकं अशुद्ध रक्त फुप्फुसाला वळसा घालून थेट महाधमनीत शिरतं. भिंत जाड होणं हा नुसता परिणाम.

अशी मुलं धावता धावता उकिडवी बसतात. त्यामुळे पायांकडच्या धमन्यांतला रोध वाढतो आणि जास्त रक्त फुप्फुसाकडे वळतं. अचानक काळंनिळं पडलेल्या बाळाचे गुडघे छातीशी धरायला सांगतात, तेही याच कारणाने. अशक्त, रक्त कमी असलेल्या बाळात मात्र निळेपणा लपतो, म्हणून नुसत्या रंगावर विसंबू नये. रक्तातला ऑक्सिजन मोजणारा पल्स ऑक्सिमीटर लावावा.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात बालहृदयरोगतज्ज्ञ हेलन टॉसिग यांच्या लक्षात आलं की, गर्भात महाधमनी आणि फुप्फुस धमनी यांना जोडणारी डक्टस ही नळी जन्मानंतर मिटली की ही बाळं ढासळतात. बोस्टनचे रॉबर्ट ग्रॉस 1938 मध्ये उघडी राहिलेली डक्टस बांधून दाखवून मोकळे झाले होते; टॉसिग यांना उलट, नवी डक्टस हवी होती. सर्जन आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत त्यांचे सहाय्यक व्हिव्हियन थॉमस यांनी कुत्र्यांवर हे तंत्र बसवलं. 29 नोव्हेंबर 1944 रोजी पंधरा महिन्यांच्या मुलीच्या डाव्या हाताची धमनी फुप्फुस धमनीला जोडली गेली. थॉमस मागे उभे राहून ब्लॅलॉकना टाके सांगत होते. मुलगी काही महिन्यांनी दगावली, पण पद्धत टिकली. कृष्णवर्णीय थॉमस यांचं नाव मात्र कित्येक दशकं तिला लागलं नाही, हे लाजिरवाणंच.

ही तात्पुरती सोय होती. भोक बुजवून वाट रुंदावण्याची पूर्ण दुरुस्ती मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय यांनी 1954 मध्ये केली, तीही दुसऱ्या माणसाचं रक्ताभिसरण रुग्णाला जोडून. पुढच्याच वर्षी मेयो क्लिनिकमध्ये जॉन कर्कलिन यांनी हृदय-फुप्फुस यंत्र वापरलं.

आता दुरुस्ती बहुधा पहिल्या वर्षातच होते. फारच लहान बाळाला आधी हाताची धमनी आणि फुप्फुस धमनी जोडणारी, गोर-टेक्स या कृत्रिम पदार्थाची साधारण 3.5 मिमीची नळी बसवतात. तिच्यात गुठळी अडकू नये म्हणून ॲस्पिरिन देतात. वाट रुंदावताना फुप्फुस धमनीच्या झडपेपलीकडे ठिगळ लावलं असेल, तर झडप गळते आणि उजवा कप्पा वर्षानुवर्षं फुगत जातो. तिच्या जागी नवी झडप छाती न उघडता, शिरेतून बसवणं 2000 मध्ये सुरू झालं. म्हणूनच लहानपणी ‘बरं’ झालेल्यांनाही मोठेपणी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि एमआरआय करून घ्यावे लागतात.