‘थोडं बेकिंग घाल’ म्हणजे नेमकं काय घालू?

नाताळ जवळ आला की मित्रमैत्रिणींमध्ये घरच्या कुकीजचे डबे फिरायला लागतात आणि डब्यांच्या मागोमाग पाककृती. त्यात एक ओळ हमखास असते: ‘अर्धा चमचा बेकिंग घाल.’ अहो, बेकिंग काय? सोडा की पावडर? उलट विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘काहीही घाल गं, दोन्ही फुगवायलाच असतात.’ हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. त्याहून वैताग येतो तो ‘बे. सो.’ आणि ‘बे. पा.’ असं लिहिणाऱ्यांचा. घाईघाईतल्या अक्षरात ‘सो’ आणि ‘पा’ ओळखता येत नाहीत, आणि इथे एका अक्षराच्या चुकीत अख्खा घाणा वाया जातो.

सोड्याबद्दल फार सांगत बसत नाही. खाण्याचा सोडा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. रासायनिक नाव सोडियम बायकार्बोनेट, डबीत दुसरं काही नाही. आंबट काही भेटलं की फसफसतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. लिंबू पिळून तो खेळ लहानपणी सगळ्यांनी केलेला असतो.

बेकिंग पावडरमध्येही सोडाच असतो, पण सोबत भुकटीच्या रूपातलं आम्ल असतं आणि डबीत पडल्या पडल्या दोघांची झटापट होऊ नये म्हणून कॉर्नस्टार्च. इंग्लंडमधल्या आल्फ्रेड बर्ड या रसायनाच्या जाणकाराने १८४३ मध्ये ती बनवली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नसे. सोडा स्वतःचं आम्ल शोधत फिरतो, पावडर ते घरून डब्यात घेऊन येते, इतकं लक्षात ठेवलं तरी पुरे. हल्लीच्या बहुतेक पावडरी दोन टप्प्यांत काम करतात. ओल्या झाल्या की थोडा वायू सुटतो, उरलेला ओव्हनच्या उष्णतेने. त्यामुळे पीठ भिजवून तासभर फ्रिजमध्ये ठेवलं तरी आभाळ कोसळत नाही.

दोन्ही पांढऱ्या, दोन्ही चिमूटभर लागणाऱ्या, दोन्ही ओल्या चमच्याच्या शत्रू. ही साम्यं सोडून देऊ.

आता खरी मेख. पावडरमध्ये सोड्याचा वाटा अर्ध्याहूनही बराच कमी असतो, म्हणून एका कपाला, म्हणजे साधारण १२५ ग्रॅम मैद्याला, पाव चमचा सोडा पुरतो, पण पावडर घ्यायची तर एक चमचा लागते. (चमचा म्हणजे मापाचा, ५ मिलिलिटरचा. चहाचा नव्हे.) हे गणित बऱ्याच जणांना पाठ असतं. त्यातूनच तो लाडका सल्ला निघतो: ‘सोडा नसला तर तिप्पट-चौपट पावडर घाला, झालं.’ केकमध्ये हे एक वेळ निभावून जातं. कुकीत नाही. आणि माझं भांडण नेमकं या सल्ल्याशी आहे.

केकचं सगळं राजकारण फुगण्याभोवती फिरतं. कुकीत पाणी जेमतेम, साखर आणि बटर भरपूर. तिथे फुगणं हे दुय्यम काम. सोडा कुकीत घालतात तो मुख्यतः रंगासाठी आणि पसरण्यासाठी. तो अल्कधर्मी आहे, आम्लाच्या उलट्या टोकाचा. अल्कधर्मी पिठात साखर आणि प्रथिनं यांची ती खमंग तपकिरी रंग आणणारी प्रक्रिया जोरात चालते. म्हणून सोड्याची कुकी दहा-बारा मिनिटांत कडेने सोनेरी-तपकिरी होते आणि तिला भाजल्याचा, किंचित कॅरॅमलसारखा वास येतो. त्याच अल्कधर्मी वातावरणात मैद्यातलं ग्लूटेन (पिठाला ताण देणारं प्रथिन) ढिलं पडतं आणि पीठ आकार धरायला वेळ लावतं. तोवर बटर वितळलेलं असतं, गोळा सावकाश पसरत जातो, वरून तडे पडतात, कडा कुरकुरीत आणि मधला भाग चिवट-मऊ होतो.

पावडरमध्ये सोड्याचा हिशोब तिच्यातल्या आम्लाने आधीच चुकता केलेला असतो. वायू निघून गेल्यावर पीठ जवळपास उदासीन राहतं, म्हणजे ना आम्लधर्मी ना अल्कधर्मी. म्हणून पावडरची कुकी उंच होते, फिकट राहते, आतून केकसारखी भुसभुशीत लागते. वाईट नसते. पण ती वेगळी कुकी असते. चौपट पावडर घातल्याने वायूची भरपाई होते, रंगाची आणि चिवटपणाची होत नाही.

पटत नसेल तर चॉकलेट चिप कुकीकडे बघा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या टोल हाउस इनमध्ये रूथ वेकफील्ड यांनी १९३० च्या दशकात ती बनवली. त्या कृतीत सव्वादोन कप मैद्याला एक अख्खा चमचा सोडा आहे. वरच्या हिशोबाने अर्ध्या चमच्याच्या किंचित वर पुरला असता. आणि त्याला विझवायला आम्ल किती? पाऊण कप ब्राउन शुगरमध्ये असेल तेवढं, म्हणजे अगदीच बेताचं. सोडा उरणार हे उघड आहे आणि तो उरलेला सोडाच त्या कुकीला तिचा रंग आणि चव देतो. नुसतं फुगवायचं असतं तर इतका सोडा कशाला घातला असता?

उलटी चूक माझी स्वतःची. एका वर्षी मित्रमंडळींना द्यायला साच्याने कापायच्या चांदण्या करायला घेतल्या. बटर, साखर, अंडं, मैदा, व्हॅनिला, सगळं काटेकोर मोजलेलं. पावडर संपली होती. ‘काहीही चालतं’ हे वाक्य तेव्हा मीही मानत असे, म्हणून एक चमचा पावडरच्या जागी एक चमचा सोडा घातला. ट्रे आत गेला तेव्हा पाच टोकांच्या छान धारदार चांदण्या होत्या. सहाव्या मिनिटाला काचेतून पाहिलं तर टोकं गोलसर झालेली. आठव्या मिनिटाला शेजारशेजारच्या चांदण्यांनी हातात हात घेतले होते. बाहेर काढला तेव्हा ट्रेभर एकच गडद तपकिरी पत्रा होता, त्यावर साखरेचा गुलाबी मुलामा द्यायची माझी योजना. सुरीने तुकडे केले, डब्यात भरले, वाटलेसुद्धा. एका मैत्रिणीने पहिला घास घेतला, थांबली, आणि फार जपून विचारलं, ‘यात साबण नाही ना पडला चुकून?’

साबण पडला नव्हता, पण तिची जीभ बरोबर होती. सोड्याला आम्ल मिळालं नाही तर तो काहीच करत नाही, असा एक समज आहे. तो चूक. साधारण ८० अंश सेल्सिअसच्या पुढे सोडा आपला आपण झपाट्याने विघटित होतो, वायू सोडतो आणि मागे सोडियम कार्बोनेट उरतं. सोडियम कार्बोनेट म्हणजे कपड्यांना वापरतात तो धुण्याचा सोडा. थोडा उरला तर कुकीला रंग आणि खमंगपणा देतो. जास्त उरला तर जिभेवर साबण. वेकफील्डबाईंच्या कृतीत ब्राउन शुगर आणि चॉकलेटची दमदार चव त्याला झाकून घेते. माझ्या भोळ्या व्हॅनिलाच्या चांदण्यांकडे झाकायला काहीच नव्हतं, आणि सोडा तर लागतो त्याच्या चौपट.

त्याच बाईंनी सोडा चमचाभर गरम पाण्यात विरघळवून घालायला सांगितलं होतं. कारण सोड्याच्या गुठळ्या. न चाळलेल्या सोड्याची डाळीएवढी गुठळी कुकीत राहिली की तिथे पिवळसर-तपकिरी ठिपका दिसतो आणि तो दाताखाली आला की पुढच्या दोन कुकीज कोणी उचलत नाही. मी विरघळवत बसत नाही, मैद्याबरोबर दोनदा चाळते. चाळणी धुवायचा कंटाळा येणाऱ्यांनी निदान सोडा तळहातावर घेऊन बोटाने चुरडावा.

मग कशात काय? साच्याने कापलेल्या, ज्यांचा आकार टिकायला हवा अशा कुकीजना पावडर, तीही कमी. अर्ध्यावर आणली तरी चालते, आणि कापलेले आकार भाजण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवले तर चांदणी चांदणीच राहते. शॉर्टब्रेडला, म्हणजे भरपूर बटरच्या खुसखुशीत बिस्किटांना, दोन्ही नको. त्यात जो कोणी ‘हलकं व्हावं म्हणून’ चिमूटभर काहीतरी टाकतो, त्याच्याशी मी वाद घालत नाही, फक्त त्याचं शॉर्टब्रेड खात नाही. आल्याच्या कुकीज, मोलॅसिस (साखर करताना उरणारी मळी), मध, ब्राउन शुगर घातलेल्या कुकीज: सोडा. या सगळ्यांत थोडंफार आम्ल असतं, त्याला सोडाच हवा. पावडर घातली तर मोलॅसिसचा आंबट-कडवट धारदारपणा तसाच राहतो, रंगही मरतो, आणि आल्याच्या कुकीचा वरचा तडकलेला पत्रा, ज्यासाठी आपण ती करतो, तो येतच नाही.

कोकोचं थोडं जपून. साधा कोको आम्लधर्मी असतो, तो सोड्याशी जमवून घेतो. डच पद्धतीचा, गडद रंगाचा कोको कारखान्यातच अल्क लावून उदासीन केलेला असतो, त्याला पावडर बरी. डब्यावर लिहिलेलं असतं, वाचा.

आणि स्निकरडूडल हा एक हट्टी अपवाद. दालचिनी-साखरेत घोळवलेली ती कुकी सोडा आणि क्रीम ऑफ टार्टर (आम्लाची पांढरी भुकटी) असं वेगवेगळं मागते. दोन वाटे क्रीम ऑफ टार्टर आणि एक वाटा सोडा म्हणजे घरगुती बेकिंग पावडरच की, मग डबीतली का नको, असं हुशार लोक विचारतात. कारण त्या कृतीत क्रीम ऑफ टार्टर मुद्दाम जास्त असतं आणि तिची ती हलकीशी आंबट चव त्यातूनच येते. डबीतली पावडर घालून होते ती दालचिनीची साधी कुकी. चांगली लागेल, पण तिला स्निकरडूडल म्हणू नका.

घरगुती पावडरवरून आठवलं. दुकान बंद असताना ती मदतीला येते, पण तिचा बहुतेक वायू पीठ भिजताच सुटतो. लगेच भाजायला घ्या, उद्यावर ठेवू नका.

डबी जुनी असेल तर तपासायला अर्धं मिनिट लागतं. सोड्यावर व्हिनेगरचे चार थेंब, पावडरवर गरम पाणी. जोरात फसफसलं तर ठीक, आळसावून बुडबुडे आले तर फेका. इथेही लोक गोंधळतात आणि सोड्यावर गरम पाणी ओतून ‘मेला वाटतं’ म्हणतात. त्याला आम्ल दिलंत का?

डबा भरताना पसरट, चिवट, सोड्याच्या कुकीज आणि कुरकुरीत चांदण्या एकत्र ठेवू नका. मऊ कुकीतला ओलावा रात्रीतून कडक कुकीत जातो आणि सकाळी दोन्ही सारख्याच मरगळलेल्या. दोन डबे करा, किंवा आधी कडक वाटून टाका. आल्याच्या मऊ कुकीज दोन-तीन दिवसांनी आणखी मुरतात, त्यांना घाई नसते. अंडं आणि सुकामेवा आहे की नाही, तेही वर चिठ्ठीवर लिहा. कोणाला काय सोसत नाही, हे आपल्याला प्रत्येक वेळी माहीत नसतं.

त्या चिठ्ठीच्या मागे मी कृतीही लिहून टाकते, म्हणजे नंतर फोनवर सांगावी लागत नाही. ‘खाण्याचा सोडा, पाव चमचा, चाळून’ असं पूर्ण. ज्या कुकीत पावडर असते तिथे ‘बेकिंग पावडर’ आणि खाली रेघ. साबणाचं विचारणारी मैत्रीण दर वर्षी डबा उघडल्यावर आधी चिठ्ठी उलटी करून ती ओळ वाचते, मग कुकी उचलते.