अमेरिकेत सुटी होणारी .22 रायफल घेताना: व्हिसा, शिकार परवाना आणि फॉर्म 4473

हेन्री कंपनीची एआर-7 ही छोटी रायफल अमेरिकेतील अनेक मराठी घरांत कुतूहलाचा विषय झाली आहे. बंदूक-रचनाकार यूजीन स्टोनर यांनी मुळात आर्मालाइट या कंपनीसाठी घडवलेली ही रायफल 1959 मध्ये नागरी बाजारात आली. वजन साडेतीन पौंड, गोळी ‘.22 लाँग रायफल’ या जातीची, मॅगझिनमध्ये आठ काडतुसे. नळी, मधली यंत्रणा आणि मॅगझिन दस्त्याच्या पोकळीत सरकवून मागची टोपी बसवली की साडेसोळा इंचांचे पुडके तयार होते आणि पुन्हा जोडायला कोणतेही अवजार लागत नाही. शनिवारी सकाळी रेंजवर कागदी निशाण्यांवर सराव करायला ती पुरेशी आहे. ती विकत घेण्याची प्रक्रिया मात्र आपल्या लोकांना पुन्हा पुन्हा अडवते, आणि अडचण बहुतेक वेळा रायफलीत नसून अर्जदाराच्या व्हिसात असते.

अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांना संघराज्याच्या कायद्यानुसार, अन्य कोणतीही मनाई लागू नसल्यास, परवानाधारक विक्रेत्याकडून रायफल घेता येते; त्यासाठी वयाची किमान अट 18 वर्षांची आहे. एच-1बी (नोकरी), एच-4 (त्यांचे कुटुंबीय), एल-1 (कंपनीअंतर्गत बदली), एफ-1 (विद्यार्थी), बी-2 (पर्यटक) अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर प्रवेश मिळालेल्यांना मात्र 1998 पासून बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यासच मनाई आहे. यातला ‘बाळगणे’ हा शब्द आपण नीट वाचत नाही. रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेतलेली रायफल हातात धरणे, मित्राची रायफल दोन फैरींपुरती चालवणे, काडतुसांचा डबा गाडीत ठेवणे, हे सारे त्यात येते. 2019 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या रेहैफ खटल्याची सुरुवातही फ्लोरिडातल्या एका रेंजवरच झाली होती. विद्यार्थी व्हिसावर आलेल्या आणि विद्यापीठातून काढून टाकल्यामुळे तो दर्जा गमावलेल्या तरुणाने तेथे बंदुका चालवल्या होत्या. आपल्या दर्जाची आरोपीला जाणीव होती हे सरकारने सिद्ध केले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. पण पासपोर्टावर एच-1बीचा शिक्का असणाऱ्या माणसाला आपला दर्जा ठाऊक नव्हता, असे कोण मान्य करील? या गुन्ह्याची कमाल शिक्षा 2022 पासून पंधरा वर्षांची आहे.

उन्हाळ्यात भारतातून आलेल्या आईवडिलांना हौसेने रेंजवर नेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, बी-2 व्हिसावर आलेल्या वडिलांच्या हातात फोटोपुरतीही रायफल देऊ नये. काउंटरवरील कर्मचाऱ्याने ओळखपत्र पाहून सोडले, याचा अर्थ कायद्याने परवानगी दिली असा होत नाही. ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित असणे किंवा कामाचे परवानापत्र हातात असणे म्हणजेही ग्रीन कार्ड नव्हे. ज्यांचे प्रकरण मध्येच अडकले आहे, त्यांनी दुकानात जाण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाला विचारलेले बरे.

या मनाईला मोजके अपवाद आहेत आणि आपल्या लोकांच्या उपयोगाचा जवळजवळ एकच आहे: अमेरिकेत कायदेशीर रीतीने दिलेला, मुदत न संपलेला शिकार परवाना. ज्याला आयुष्यात ससाही मारायचा नाही, केवळ कागदावर नेम धरायचा आहे, त्याच्याकडे हा कागद असण्याचे काही कारणच नसते. दुकानदार तो मागतो तेव्हा लोक गोंधळतात, आणि काही जण घाईने मासेमारीचा परवाना काढून आणतात. तो चालत नाही.

परवाना मिळवणे अवघड नाही. टेक्सासमध्ये 2 सप्टेंबर 1971 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनी शिकारी प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करायचा असतो आणि प्रौढांना तो ऑनलाइन करता येतो. खरी गफलत मुदतीत होते. बहुतेकांना वाटते की परवाना घेतल्या दिवसापासून वर्षभर चालेल. टेक्सासचा नेहमीचा वार्षिक परवाना कधीही घेतला तरी 31 ऑगस्टला संपतो; जूनमध्ये पैसे भरणाऱ्याच्या पदरात जेमतेम तीन महिने पडतात. न्यू जर्सीत हीच तारीख 31 डिसेंबर आहे, तर कॅलिफोर्नियात 30 जून. राज्यात सलग सहा महिने न राहिलेल्यांना परराज्यातील शिकाऱ्यांचा महाग परवाना घ्यावा लागतो, आणि तो टाळण्यासाठी कोणी पाच दिवसांचा स्वस्त परवाना काढला, तर सहाव्या दिवशी घरातली रायफल बेकायदेशीर ठरते. कारण परवाना केवळ खरेदीच्या दिवसापुरता लागत नाही, रायफल ताब्यात असेपर्यंत तो अखंड चालू असावा लागतो.

माझ्या परिचयातील एक गृहस्थ जुलैत मुलांना घेऊन साताऱ्याला गेले आणि गणपती आटोपून सप्टेंबरमध्ये परतले. मधल्या काळात परवाना संपला होता आणि रायफल कपाटात तशीच होती. त्यांच्यावर काही आले नाही, पण ही जोखीम पत्करण्याजोगी नाही. टेक्सासमध्ये नव्या हंगामाचे परवाने 15 ऑगस्टच्या सुमारास विक्रीला येतात आणि ते ऑनलाइनही मिळतात, त्यामुळे स्वातंत्र्यदिनाशी ही आठवण जोडून ठेवावी.

आता फॉर्म 4473, म्हणजे बंदूक खरेदीचा संघराज्याचा अर्ज. विक्रेत्याच्या दुकानात भरायच्या या अर्जात आपली माणसे पहिल्याच ओळीत, म्हणजे नावात, अडखळतात. वडिलांचे किंवा पतीचे नाव मधे लावण्याची आपली रीत असल्याने पासपोर्टावर पूर्ण नाव, वाहन परवान्यावर त्याचे केवळ आद्याक्षर आणि ग्रीन कार्डावर दोन्ही नावे एकत्र, असा प्रकार सर्रास आढळतो. अर्जात पूर्ण कायदेशीर नाव लिहायचे असते. मधले नाव नसेलच तर ‘एनएमएन’ (नो मिडल नेम) आणि कायदेशीर नावातच केवळ आद्याक्षर असेल तर ‘आयओ’ (इनिशियल ओन्ली) लिहायचे असते. कागदपत्रांवरील नावे जुळत नसतील, तर आधी वाहन परवाना दुरुस्त करून घ्यावा.

त्यानंतर पत्ता. छायाचित्र असलेल्या सरकारी ओळखपत्रावर सध्याचा राहता पत्ता हवा आणि पोस्ट बॉक्स चालत नाही. पासपोर्टावर तो पत्ता नसल्याने एकटा पासपोर्ट पुरत नाही. घर बदलले आणि वाहन परवान्यावर जुनाच पत्ता राहिला, तर सोबत नव्या पत्त्याचा दुसरा सरकारी कागद लागतो, उदाहरणार्थ गाडीची नोंदणी. भाडेकरार, बँकेचे स्टेटमेंट आणि खासगी कंपनीचे वीजबिल घेऊन आलेली माणसे हात हलवीत परत जाताना मी पाहिली आहेत. नियम असा का आहे, हे त्यांना कोणी धड समजावूनही सांगत नाही, याचा संताप येतो.

अर्जातील सर्वांत धोक्याचा प्रश्न दोन भागांत विचारला आहे. आपल्याला बिगर-स्थलांतरित व्हिसावर प्रवेश मिळाला आहे का, हा पहिला भाग. असल्यास आपण अपवादात बसता का, हा दुसरा. शिकार परवाना असलेल्या एच-1बीधारकाचे उत्तर दोन्ही ठिकाणी ‘होय’ असते आणि परवान्याची प्रत अर्जाला जोडली जाते. परवाना आहे म्हणजे पहिला प्रश्न आपल्याला लागूच नाही, अशा समजुतीने ‘नाही’ लिहिणारे स्वतःच्या सहीने खोटे विधान करतात. आय-94 (अमेरिकेतील प्रवेशाची सरकारी नोंद) क्रमांक सोबत ठेवावा. ग्रीन कार्डधारकांनी आपला एलियन क्रमांक, म्हणजे इमिग्रेशन खात्याने दिलेला क्रमांक, लिहावा.

ही रायफल खरोखर स्वतःसाठी घेत आहात का, हा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. रूममेटला व्हिसामुळे मिळत नाही म्हणून त्याच्या पैशांनी आपल्या नावावर घेणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. गांजाबद्दलच्या प्रश्नाखाली तर स्पष्ट इशाराच छापलेला आहे की, राज्याने परवानगी दिली असली तरी संघराज्याच्या कायद्यात तो बेकायदेशीरच आहे.

अर्जानंतरची पार्श्वभूमी तपासणी बहुतेक नागरिकांची काही मिनिटांत होते, परदेशी नागरिकांची अनेकदा लांबते. ‘विलंबित’ म्हणजे नकार नव्हे. तीन कामकाजाचे दिवस उत्तर न आल्यास संघराज्याच्या कायद्यानुसार विक्रेता रायफल देऊ शकतो, पण देण्यास तो बांधील नाही. ‘शकतो’ या एका शब्दावरून दुकानात वाद घालू नयेत. शनिवार-रविवार धरून तीन दिवस मोजू नयेत, आणि 21 वर्षांखालील खरेदीदाराची तपासणी अधिक लांबू शकते. नकार आलाच तर एफबीआयकडे अपील करता येते.

राज्यांचे नियम याशिवाय पाळावे लागतात. इलिनॉयमध्ये एफओआयडी कार्ड (राज्याचे बंदूकधारक ओळखपत्र), न्यू जर्सीत खरेदीदार ओळखपत्र, कॅलिफोर्नियात सुरक्षा प्रमाणपत्र आणि दहा दिवसांची प्रतीक्षा. वॉशिंग्टन राज्यात एआर-7 सारख्या साध्या सेमी-ऑटो (दर चापाला एक गोळी सुटून पुढची आपोआप भरली जाणाऱ्या) .22 रायफलीलाही 21 वर्षे वयाची अट आहे.

घरात एकाला परवानगी आणि दुसऱ्याला मनाई, ही परिस्थिती आपल्याकडे सर्रास असते. पत्नी ग्रीन कार्डधारक आणि पती एच-1बीवर असेल, तर तिजोरीची किल्ली किंवा क्रमांक पतीकडे असू नये, किंवा त्यानेही शिकार परवाना काढून तो चालू ठेवावा. बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यास ग्रीन कार्डधारकालाही देशाबाहेर काढले जाऊ शकते.

रायफल मिळाल्यावर तिची नळी कापण्याचा विचारही मनात आणू नये. कायद्याने नळी किमान 16 इंच लागते आणि या रायफलीची 16.125 इंच आहे; म्हणजे मध्ये केवळ अष्टमांश इंच जागा आहे.

शेवटी बॅगेविषयी. .22 चे काडतूस इतके लहान असते की बॅगेच्या शिवणीत अडकलेले कळतही नाही, आणि तीच बॅग मुंबई विमानतळावरच्या क्ष-किरण यंत्रातून गेली की शस्त्र अधिनियम, 1959 खाली चौकशी सुरू होते. भारतात जाण्याआधी बॅगेचे अस्तर उलटे करून, प्रत्येक कप्पा रिकामा करून झटकावा. रेंजवर नेलेली बॅग प्रवासाला न वापरणेच उत्तम.