लोलकाला कमीत कमी त्रास

दर सेकंदाला एक ठोका देणाऱ्या लोलकाची लांबी साधारण 994 मिलिमीटर असते. ती फक्त 23 मायक्रॉननी वाढली, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्यानेही नाही, तरी घड्याळ दिवसाला एक सेकंद मागे पडतं. लोलकाची दांडी पोलादाची असेल तर एवढं वाढायला दोन अंश सेल्सियसची उष्णता पुरते.

दिवसाला एक सेकंद म्हणजे घरातल्या घड्याळासाठी चैनच. पण उत्तम लोलकाची घड्याळं घडली ती वेधशाळांसाठी, आणि तिथे एक सेकंद फार मोठा असतो. पृथ्वी सेकंदाला 15 विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) फिरते, त्यामुळे घड्याळ तेवढं चुकलं की ताऱ्याची आकाशातली जागा 15 विकलांनी चुकते.

झोक्याचा काळ दोनच गोष्टींवर ठरतो, लोलकाची लांबी आणि गुरुत्वाकर्षण, असं शाळेत शिकवतात. घड्याळजीचं काम या वाक्यातल्या ‘दोनच’पाशी सुरू होतं. झोका किती मोठा आहे, हवा किती दाट आहे, भिंत किती हलते, तेल किती जुनं झालंय, या सगळ्यांचा त्यात थोडाथोडा हात असतो.

त्यातल्या त्यात तापमानाचा प्रश्न लवकर सुटला. लंडनच्या जॉर्ज ग्रॅहमने 1720च्या दशकात लोलकाच्या टोकाला गोळ्याऐवजी पाऱ्याची बरणी लावली. उष्णतेने दांडी खाली वाढते, त्याच वेळी पारा बरणीत वर चढतो. बरणीतल्या पाऱ्याची उंची नीट साधली की लोलकाची परिणामी लांबी जागच्या जागी राहते. साधारण त्याच सुमारास जॉन हॅरिसनने पोलाद आणि पितळ यांच्या नऊ दांड्यांची जाळी केली. पितळ जास्त वाढतं, म्हणून पितळी दांड्या गोळ्याला वर उचलतात आणि पोलादी दांड्या खाली सोडतात. पुढे 1896 मध्ये शार्ल एदुआर गियोम यांना लोखंड आणि निकेलचा एक मिश्रधातू सापडला. उष्णतेने तो पोलादाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाने वाढतो. त्याचं नाव इन्व्हार. 1920चं भौतिकशास्त्राचं नोबेल गियोमना मिळालं ते अशाच मिश्रधातूंवरच्या कामासाठी. इन्व्हारलाही खोड आहेच: तापमान स्थिर ठेवलं तरी तो वर्षानुवर्षं अगदी किंचित लांबत राहतो. म्हणून दांडी आधी तापवून, हळूहळू थंड करून ‘मुरवावी’ लागते, आणि नंतर तिला धक्का लागू द्यायचा नाही.

लोलकाला धक्का देणं मात्र टळत नाही. हवेच्या आणि टांगणीच्या घर्षणाने झोका मरत जातो, तेव्हा त्याला अधूनमधून ढकलायला हवं. शिवाय झोके मोजायलाही हवेत. ही दोन्ही कामं करणाऱ्या यंत्रणेला एस्केपमेंट म्हणतात, आणि घड्याळाचा बहुतेक सगळा बिघाड तिथूनच शिरतो. झोपाळा ढकलताना तो आपल्याकडे येत असतानाच हात लावला तर त्याची लय मोडते, तसंच हे. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी 1826 मध्ये गणिताने दाखवलं, की लोलक नेमका सर्वांत खालच्या बिंदूतून जाताना ढकलला तर त्याच्या आवर्तनकालाला बाधा येत नाही. आधी ढकललं तर घड्याळ पुढे जातं, नंतर ढकललं तर मागे पडतं.

सतराव्या शतकातलं अँकर एस्केपमेंट या बाबतीत फारच धसमुसळं होतं. झोका टोकाला जाताना त्याची पंजी, म्हणजे चाकाचे दात अडवून सोडणारा भाग, दंतचक्राला उलटं ढकलायची. अशा घड्याळाचा सेकंदकाटा प्रत्येक ठोक्याला थोडा मागे सरकताना दिसतो. ग्रॅहमने पंजीचा पृष्ठभाग अशा वक्राचा केला की दात त्यावर नुसता टेकून राहतो, मागे सरकत नाही. पुढची जवळजवळ दोन शतकं वेधशाळांमधली घड्याळं मुख्यतः याच युक्तीवर चालली. पण टेकलेला दात घासतोच. तेल घट्ट झालं की झोका लहान होतो, आणि झोका बदलला की काळ बदलतो. मध्यापासून दोन्ही बाजूंना 2 अंश झुलणारा लोलक अगदी लहान झोक्याच्या मानाने दिवसाला साधारण 6.6 सेकंद मागे पडतो. हे लोलकाची लांबी नीट लावून भरून काढता येतं. पण तोच झोका उद्या 2.1 अंश झाला तर आणखी 0.7 सेकंद जातात, ते कुठून भरायचे?

यावरचं उत्तर एकाच दिशेने जात राहिलं: लोलकाला कमीत कमी हात लावा. म्युनिकच्या सिगमुंड रिफ्लर यांनी लोलकाला थेट ढकलणंच बंद केलं; ज्या पातळ पोलादी पट्टीवर तो टांगलेला असतो तिलाच दर झोक्याला किंचित वाकवून त्यांनी बळ दिलं. त्यांची घड्याळं दिवसाला सेकंदाच्या शतांशाइतकी नेमकी होती. विल्यम शॉर्ट हा रेल्वे इंजिनिअर त्याही पुढे गेला. त्याने दोन घड्याळं केली. एकातला लोलक जवळजवळ निर्वात नळकांड्यात एकटा झुलतो, त्याला एकही चाक फिरवायचं नाही. दुसरं, चाकर घड्याळ, सगळी अंगमेहनत करतं. दर 30 सेकंदांनी एक बारीकशी तरफ मुख्य लोलकाला हलका स्पर्श करून बळ देते, आणि तीच वेळ चाकराला वळणावर आणायला वापरली जाते. अशा जोडीचं पहिलं घड्याळ 1921 मध्ये एडिंबराच्या वेधशाळेत लागलं. वर्षाला सुमारे एक सेकंद ही त्याची ख्याती. 1984 मध्ये पिअर बुशरों यांनी अमेरिकेच्या नौदल वेधशाळेतल्या शॉर्ट घड्याळाचे झोके प्रकाशाच्या साहाय्याने मोजले, तेव्हा त्यात चंद्र-सूर्याच्या ओढीने होणारे गुरुत्वाकर्षणातले चढउतार दिसले.

इतकं साधूनही घड्याळ बसवण्यात चूक झाली तर सगळं वाया. लोलक पेटीत नव्हे, तर दगडी खांबात किंवा जाड भिंतीत रोवलेल्या कंसावर टांगावा लागतो, कारण आधार हलला की लोलकाची शक्ती त्यात झिरपते. घड्याळ चालवणारं वजन खाली येता येता लोलकाच्या गोळ्याच्या पातळीला आलं की त्याच्या दोरीची लांबी लोलकाएवढीच होते. मग ते वजनही आपसूक झुलू लागतं आणि क्वचित घड्याळ बंदही पडतं! बारीक दुरुस्तीची पद्धत मला फार आवडते. गोळा वरखाली करणारं खालचं नट फिरवणं धोक्याचं. त्याच्या आट्यांमधलं अंतर अर्धा मिलिमीटर असेल तर एका फेऱ्यात दिवसाला जवळपास 22 सेकंदांचा फरक. म्हणून दांडीच्या मध्यावर एक छोटी तबकडी असते, तिच्यावर चिमट्याने बारीक वजनं ठेवायची. मध्यावर भर पडल्याने लोलक किंचित जलद होतो, आणि घड्याळ थांबवावं लागत नाही. लंडनच्या बिग बेनवाल्या घड्याळात जुनी पेनीची नाणी हेच काम करतात: एक नाणं ठेवलं की दिवसाला 0.4 सेकंद.

या सगळ्या परंपरेला जॉन हॅरिसनने फार आधी विरोध केला होता. मूळचा सुतार असलेला हा माणूस सागरी घड्याळांमुळे प्रसिद्ध झाला, पण लोलकाबद्दलची त्याची मतं समकालीनांना वेडगळ वाटली. इतर लोक जड गोळा आणि लहान झोका मागत असताना तो हलका गोळा आणि मोठा झोका मागत होता. अशा घड्याळात शंभर दिवसांत एका सेकंदापेक्षा जास्त चूक राहणार नाही, असं त्याने 1775 मध्ये लिहिलं आणि हसं करून घेतलं.

त्याच्या डोक्यातलं गणित असं होतं: हवा दाट झाली की ती गोळ्याला जरा उचलून धरते, म्हणून लोलक संथ होतो. पण दाट हवेने झोकाही लहान होतो, आणि लहान झोका जलद असतो. गोळा हलका आणि झोका मोठा असेल तर हा दुसरा परिणाम पहिल्याला पुरा पडेल इतका वाढवता येतो. चुका टाळण्याऐवजी एकमेकींशी झुंजवायच्या. मला यात रिफ्लर-शॉर्ट यांच्या एकांतवासापेक्षा जास्त धाडस दिसतं, कारण इथे प्रत्येक भाग दुसऱ्याच्या हिशेबाने घडवावा लागतो.

मार्टिन बर्जेस यांनी विसाव्या शतकात हॅरिसनच्या लिखाणावरून असं घड्याळ घडवायला घेतलं. ‘क्लॉक बी’ हे त्याचं नाव. पुढे ते पूर्ण झाल्यावर ग्रीनिचच्या वेधशाळेत सीलबंद पेटीत 100 दिवस चालवलं गेलं. 2015 मध्ये निकाल आला: चूक 5/8 सेकंद. मोकळ्या हवेत, म्हणजे निर्वात नळकांड्याशिवाय, झुलणाऱ्या लोलकाच्या यांत्रिक घड्याळांत हा विश्वविक्रम ठरला. शॉर्टच्या लोलकाला हवेपासून वाचवावं लागतं. हॅरिसनच्या पद्धतीचं घड्याळ निर्वात नळकांड्यात ठेवलं तर त्याचा सगळा हिशेबच कोलमडेल.