कीचकापासून कचापर्यंत: आवडती गोष्ट पुन्हा सांगणारं कोल्हापूर

आवडलेल्या सिनेमातल्या पात्राचं चित्र काढायचं, कादंबरी जिथे थांबली तिथून पुढची गोष्ट लिहायची, नायकाला बाजूला सारून खलनायकाच्या तोंडून सगळं सांगायचं. कॉलेजातली पोरं याला फॅन आर्ट, फॅन फिक्शन म्हणतात. मोठी माणसं त्यावर नाक मुरडतात: दुसऱ्याचं कशाला, स्वतःचं काहीतरी करा की! निदान कोल्हापुरात तरी असं म्हणण्याआधी थोडं मागे वळून बघावं. इथला सिनेमा उभा राहिला तोच दुसऱ्याच्या गोष्टीवर जीव जडला म्हणून.

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला. फाळके स्वतः येशूच्या जीवनावरचा परदेशी मूकपट पाहून या वाटेला लागले होते. आपले राम-कृष्ण असे पडद्यावर कधी दिसणार, ही त्यांची तळमळ. त्यांच्या सिनेमाने कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे नात्यातले दोघे भाऊ झपाटले. दोघांचं पोट नाटकांचे पडदे रंगवण्यावर. म्हणून गाव त्यांना पेंटरच म्हणे. सिनेमा करायचा तर कॅमेरा हवा, आणि तो विकत घेण्याची ऐपत नाही, म्हणून तो स्वतःच बनवायचा असं ठरलं. १९१६ मध्ये आनंदराव गेले आणि काम अर्धवट राहिलं. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ मध्ये कॅमेरा पुरा केला. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवल दिलं गायिका तानीबाई कागलकर यांनी.

पहिला चित्रपट 'सैरंध्री', १९२०. गोष्ट कीचकवधाची, म्हणजे महाभारताच्या विराटपर्वातली. पण तेव्हाच्या मराठी प्रेक्षकाच्या डोक्यात व्यासांच्याही आधी नाटककार खाडिलकर असणार. १९०७ साली त्यांचं 'कीचकवध' रंगभूमीवर आलं, प्रेक्षकांना कीचकात माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसू लागला आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. बंदी नाटकावर होती, विराटपर्वावर कोण घालणार? आणि मूकपटात पकडायला संवादच नव्हते. भीम कीचकाला मारतो तो प्रसंग पडद्यावर इतका खरा उतरला की प्रेक्षक हबकले आणि पुढे त्याला कात्री लागली. टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं ते याच चित्रपटासाठी.

मला यातली खरी गंमत वाटते ती वेगळीच. हयातभर पडदे रंगवलेल्या या माणसाने सिनेमात रंगवलेला पडदा टाकून दिला आणि खोली असलेले, चारी बाजूंनी घडवलेले सेट उभे केले. चित्रीकरणाआधी तो प्रत्येक पात्राच्या पोशाखाची रेखाटनं करी. आवडत्या गोष्टीचं चित्र काढत बसणं, हेच तर ते. फरक एवढाच, की नंतर त्या चित्रात माणसं उभी केली जात.

पुढे कादंबऱ्यांची पाळी आली. १९२३ चा 'सिंहगड' हरि नारायण आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला'वरून केलेला. रात्रीचे प्रसंग दाखवायला त्यात कृत्रिम प्रकाश वापरला गेला. १९२५ चा 'सावकारी पाश' नारायण हरि आपट्यांच्या कथेवरून. आणि ज्याला स्वतःचीच गोष्ट पुन्हा सांगावीशी वाटते त्याचं काय? बाबूरावांनी १९३६ मध्ये तोच 'सावकारी पाश' बोलपट म्हणून नव्याने केला. त्यांच्याच कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली आणि १९३२ मध्ये पहिला बोलपट केला 'अयोध्येचा राजा'. म्हणजे पुन्हा हरिश्चंद्रच! फाळक्यांच्या हरिश्चंद्राला वाचा नव्हती, हा बोलला आणि गायलाही. पुढच्याच वर्षी प्रभात पुण्याला गेली, पण ते दुखणं कोल्हापूरकर अजून उगाळतात, इथे नको.

सिनेमानेच एका लेखकालाही इथे आणलं. वि. स. खांडेकरांनी हंस पिक्चर्ससाठी १९३६ च्या 'छाया'ची कथा लिहिली आणि १९३८ मध्ये ते शिरोड्याहून कोल्हापुरात आले. त्यांची 'ययाती' ही कादंबरी १९५९ ची. आदिपर्वात कच संजीवनी विद्या मिळवतो, देवयानीचं प्रेम नाकारतो, दोघं एकमेकांना शाप देतात आणि कच स्वर्गात निघून जातो. ययातीच्या संसाराशी त्याचा पुढे काही संबंध राहत नाही. खांडेकरांना हे पटलं नसावं. त्यांनी कचाला परत आणलं, भोगात बुडालेल्या राजासमोर संयमी माणूस म्हणून उभं केलं आणि कथा ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्या तोंडी वाटून दिली. आजची पोरं लिहितात त्यात आणि यात जातीचा फरक नाही, कसाचा आहे. तो मात्र मोठा आहे.

आजऱ्यात जन्मलेल्या शिवाजी सावंतांनी १९६७ च्या 'मृत्युंजय'मध्ये हीच रीत आणखी ताणली. कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन आणि कृष्ण तर बोलतातच, पण बायको वृषाली आणि भाऊ शोणही बोलतात. मूळ महाभारतात या शेवटच्या दोघांच्या वाट्याला जवळपास काहीच येत नाही. पाठोपाठ कोवाडच्या रणजित देसाईंनी 'राधेय' लिहून तोच कर्ण पुन्हा घेतला. एकाच जिल्ह्यातल्या दोघांनी एकाच पात्रावर लिहिलं आणि वाचकांनी दोन्ही डोक्यावर घेतली. आपल्याआधी कुणीतरी लिहून ठेवलंय म्हणून कुणी थांबलं नाही.

हे सगळं मोठ्या नावांपुरतं राहिलं असतं तर परंपरा म्हणण्यात अर्थ नव्हता. पण टॉकीजवर लागणारे बॅनर रंगवणारे पेंटर होतेच. छोट्या फोटोवर चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी मोठ्या कापडावर आखायच्या आणि एकेक चौकट भरत जायची. डोळ्यांतला जाळ, गालावरचा निळसर-हिरवा रंग, हे फोटोत नसे. ते पेंटरच्या पदरचं. फ्लेक्स आला आणि ही कला संपली.

गणपतीतले जिवंत देखावे मात्र टिकून आहेत. मंडळाची पोरं आठवडेच्या आठवडे तालीम करतात. संवाद आधीच रेकॉर्ड करून घेतलेले असतात, त्यामुळे मंचावर फक्त ओठ हलवायचे आणि तलवार वेळेवर उपसायची. एक खेळ संपला की गर्दी पुढे सरकवायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. शिवचरित्रातले तेच तेच प्रसंग आणि गाजलेल्या सिनेमातली तीच वाक्यं पाहून कंटाळा येतो, हे खरं. पण मधेच एखादं मंडळ तोच प्रसंग पहाऱ्यावरच्या मावळ्याच्या बाजूने मांडतं आणि लोक थांबून बघतात.

आता अशा कामात हक्कांचा प्रश्न येतो. भारतीय कायद्यात पुस्तकावरचा हक्क लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं चालतो. हरि नारायण आपटे १९१९ मध्ये गेले, त्यांच्या कादंबऱ्या कधीच मोकळ्या झाल्या. खांडेकर गेले १९७६ मध्ये, म्हणजे 'ययाती'वरचा हक्क २०३६ संपेपर्यंत आहे. तेव्हा एखाद्या मंडळाला कच-देवयानीचा देखावा करायचा असेल तर आदिपर्वातला कच खुशाल घ्यावा. राजवाड्यात परत येणारा कच हवा असेल तर मात्र परवानगी काढावी लागेल.