गाळ खाणारे जिवाणू : ही कल्पना आली कुठून

तळ्यात जिवाणूंची पावडर टाकली, सहा महिन्यांनी काठी वीतभर जास्त खोल गेली, म्हणजे जिवाणूंनी वीतभर गाळ खाल्ला. हा हिशेब सर्रास मांडला जातो. तो तपासायचा तर आधी ‘गाळ’ या शब्दाची फोड करावी लागते, कारण या विषयातला निम्मा घोळ त्या एका शब्दात आहे.

पावसाच्या पाण्याबरोबर वाहून आलेली माती आणि बारीक वाळू म्हणजे गाळ. कुजलेली पानं, मेलेलं शेवाळ, पाणवनस्पतींची मुळं, माशांची विष्ठा यांचा तळाशी साचलेला काळा, लिबलिबीत राडा, तोही गाळच. पहिला उपसूनच काढावा लागतो, दुसरा कुजून कमी होऊ शकतो. प्रत्यक्षात दोन्ही एकमेकांत कालवलेले असतात आणि वरून पाहणाऱ्याला सारखेच दिसतात. अभ्यासकांनी ही विभागणी फार पूर्वी सुरू केली. १८६२ मध्ये स्वीडनमधल्या एका अभ्यासकाने पाण्यातच वाढून मेलेल्या जिवांच्या गाळाला ‘यित्या’ हा चिखलाचा तिथला शब्द दिला आणि दलदलीतून उतरणारा तपकिरी गाळ त्यापासून वेगळा काढला. आज प्रयोगशाळेत याची परीक्षा सोपी आहे. नमुना १०५ अंश सेल्सिअसला सुकवून तोलायचा, मग ५५० अंशांच्या भट्टीत जाळून पुन्हा तोलायचा. वजनात जी घट येते तो साधारणपणे सेंद्रिय भाग. १०० ग्रॅम सुक्या गाळातले १५ ग्रॅम जळून गेले, तर उरलेली ८५ ग्रॅम माती आहे आणि ती कुठलाच जिवाणू खाणार नाही. गाळ कमी करण्याचं कोणतंही काम या एका आकड्याशिवाय सुरू होऊ नये असं माझं ठाम मत आहे, आणि नेमकं हेच मोजमाप सर्वांत जास्त वेळा वगळलं जातं.

काठीचीही गोष्ट अशीच. तळाचा मऊ राडा म्हणजे बहुतांशी पाणी असतं. दहा किलो ओल्या गाळात कधीकधी एक किलोसुद्धा घन पदार्थ नसतो. त्यात अडकलेले वायूचे बुडबुडे सुटले की तो दबतो. पाणी ढवळलं की वरचा भुसभुशीत थर उठतो आणि खोलगट भागात जाऊन बसतो. दोन्ही वेळा काठी खोल जाते, पण तळ्यातला सेंद्रिय पदार्थ तेवढाच राहतो. गाळ दबला, सरकला की खरोखर पचला, हे एकट्या काठीला सांगता येत नाही.

आता कल्पनेचं मूळ. जिवाणूंकडून घाण खाऊन घेण्याची युक्ती सांडपाण्यातून आली. १८८७ पासून अमेरिकेतल्या लॉरेन्स इथे वाळूच्या थरांवर जे प्रयोग झाले, त्यांतून सांडपाण्याचं शुद्धीकरण हे गाळणीपेक्षा वाळूतल्या जिवांचं काम आहे हे पक्कं झालं. पुढचा टप्पा १९१४ चा, इंग्लंडमधल्या मँचेस्टरचा. दोन रसायनतज्ज्ञांनी बाटलीत सांडपाणी घेऊन त्यात हवा सोडली. पहिल्या खेपेला पूर्ण शुद्धीकरणाला सुमारे पाच आठवडे लागले. त्यांनी वरचं पाणी काढून टाकलं, खाली बसलेला साका तसाच ठेवला आणि नवं सांडपाणी ओतलं. असं पुन्हा पुन्हा केल्यावर तेच काम २४ तासांत होऊ लागलं. सांडपाणी केंद्रांमधली ‘सक्रिय गाळ’ पद्धत ती हीच.

या प्रयोगात बाहेरून जिवाणू आणलेच नव्हते. जे होते ते जपले आणि त्यांना हवा दिली. शिवाय केंद्रात वाढत जाणारा हा साका, म्हणजे तिथला गाळ, रोजच्या रोज काढून न्यावा लागतो. म्हणजे जिवाणू गाळ नाहीसा करतात अशी साक्ष खुद्द या पद्धतीतूनही मिळत नाही. पुढे तळ्यांसाठी जिवाणूंची पाकिटं निघाली तेव्हा सांडपाण्याचं यश पुढे केलं गेलं आणि या दोन गोष्टी मागे राहिल्या.

तळ्यांच्या शास्त्राची वाट वेगळी होती. १९४१-४२ मध्ये इंग्लंडच्या सरोवर प्रदेशातल्या अभ्यासातून तळाच्या गाळावरच्या पातळ थराचं महत्त्व समोर आलं. काचेच्या उभ्या नळीत गाळाचा नमुना घेतला की हा थर दिसतो: वर काही मिलिमीटर तपकिरी साय आणि तिच्याखाली डांबरासारखा काळा गाळ. प्राणवायू पोचतो तो त्या सायीपर्यंत. ती साय टिकून असेपर्यंत तिच्यातलं लोह स्फुरदाला, म्हणजे शेवाळाचं खाद्य असलेल्या फॉस्फरसला, धरून ठेवतं. प्राणवायू संपला की साय विरघळते आणि स्फुरद पाण्यात सुटतं. मग तळाला हवा देण्याचे प्रयत्न सुरू झाले, त्यांतला एक पहिलावहिला १९४० च्या दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमध्ये झाला. १९७५ मध्ये स्वीडनमधल्या एका छोट्या तळ्यात फणीसारख्या अवजाराने थेट गाळात कॅल्शियम नायट्रेट टोचलं गेलं. प्राणवायू नसताना काही जिवाणू नायट्रेटवर श्वसन करतात, म्हणून गाळातच राहणाऱ्या जिवाणूंना ही शिदोरी दिली. मला हा प्रयोग या साऱ्या इतिहासातला सर्वांत समंजस वाटतो. पाव्हणे बोलावण्याऐवजी घरच्यांना जेवायला घातलं. हवा देणंही रामबाण नाही, हे १९९८ मध्ये दोन स्विस सरोवरांच्या दहा वर्षांच्या नोंदींनी दाखवलं: पाण्यात प्राणवायू वाढला, पण गाळातून सुटणारं स्फुरद काही कमी झालं नाही.

बाहेरून जिवाणू टाकण्याची खरी परीक्षा मत्स्यतळ्यांत झाली. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिण भागात मांगूरच्या जातकुळीतले मासे वाढवणाऱ्या तळ्यांवर विकतचे जिवाणू वापरून पाहिले गेले. पाण्याच्या प्रतीत सांगण्यासारखा फरक आढळला नाही. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र मासे जास्त जगले आणि उत्पन्न वाढलं, पाण्याची प्रत बहुतांशी तीच असताना. जिवाणू विकणारे आणि त्यांच्यावर शंका घेणारे आपापल्या सोयीचा निष्कर्ष तेवढा उचलतात.

दरम्यान १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर तेलवाहू जहाज फुटलं. तेलाने माखलेल्या किनाऱ्यावर खत फवारल्यावर तिथल्याच जिवाणूंनी तेल जास्त वेगाने खाल्लं. विकतचे जिवाणू टाकलेल्या चाचण्यांत त्यांचा वेगळा फायदा दिसला नाही. तरीही ‘जिवाणू प्रदूषण खातात’ ही बातमी जगभर गेली आणि कोणते जिवाणू, हा तपशील वाटेत गळला.

याच दशकात जपानच्या ओकिनावा बेटावर शेतीसाठी तयार झालेलं मिश्रण पुढे पाण्याकडे वळलं. लॅक्टिक जिवाणू, यीस्ट आणि प्रकाशसंश्लेषी जिवाणूंचं ते मिश्रण माती, कोंडा आणि उसाच्या मळीत मुरवून गोळे करायचे आणि पाण्यात फेकायचे. २००९ मध्ये मलेशियातल्या पेनांगला लोकांनी एकत्र येऊन असे दहा लाखांच्या आसपास गोळे पाण्यात टाकले. २०११ च्या पुरात थायलंडमध्ये ते साचलेल्या पाण्यात टाकले गेले आणि त्यावर जाहीर वाद झाला: कोंडा आणि मळी पाण्यात कुजताना उलट प्राणवायू खातात, हा आक्षेप होता. मला तो रास्त वाटतो. २०१० मध्ये नेदरलँड्सच्या अभ्यासकांनी हे गोळे नील-हरित शेवाळावर तपासले. नेहमीच्या मात्रेत परिणाम दिसला नाही. फार मोठ्या मात्रेत वाढ थोडी मंदावली, पण तेवढे गोळे एखाद्या सरोवरात टाकणं व्यवहारात बसत नाही. लोकांची तळमळ खरी होती, म्हणून या निकालाचं वाईट वाटतं.

मग जिवाणूंच्या पाकिटांवर शेवाळ घालवण्याचा दावा जाऊन गाळ पचवण्याचा दावा का आला? यामागे कायद्याचाही हात आहे. अमेरिकेत शेवाळ मारण्याचा किंवा रोखण्याचा दावा केला की उत्पादन कीडनाशकाच्या व्याख्येत जातं आणि नोंदणी, चाचण्या, कागदपत्रं मागे लागतात. गाळ ही कीड नव्हे. ‘तळाची सेंद्रिय घाण पचवतं’ असं म्हणायला ती नोंदणी लागत नाही. पावडर तीच ठेवून लेबल बदलणं सोपं होतं. ग्राहकाच्या मनात मात्र गाळ गेला की शेवाळही जाणार हे गृहीत राहिलं. यात एक गफलत आहे. गाळ पचताना त्यातला कर्ब वायुरूप होऊन उडून जातो, स्फुरद उडत नाही. ते पाण्यात येतं आणि शेवाळाला खाद्य होतं.

पाकिटांत बॅसिलस कुळाचा भरणा का, याचं कारण साधं आहे: हे जिवाणू बीजाणू बनवतात, म्हणून कोरडे करून महिनोन्महिने ठेवता येतात. टिकाऊपणावर निवडलेले हे जिवाणू तळ्याच्या काळ्या गाळात किती टिकाव धरतात, हा प्रश्न वेगळा. एक घनसेंटिमीटर गाळात साधारण १ अब्ज जिवाणू आधीच असतात. एका हेक्टरचा वरचा १० सेंटिमीटर थर घेतला तर तो १ अब्ज घनसेंटिमीटर भरतो. ग्रॅममागे १ अब्ज जिवाणू असलेली पावडर १० किलो टाकली तर घरच्या एक लाख जिवाणूंमागे पाव्हणा एक. नवी टाकी, नवा फिल्टर, नुकतंच अस्तर घातलेलं शोभेचं तळं इथे घरचे थोडे असतात, म्हणून तिथे विरजण लावण्याला अर्थ आहे. जुन्या सरोवरात गाळ साचतो तो प्राणवायू कमी म्हणून, थंडी म्हणून, लाकडातल्या लिग्निनसारखे चिवट घटक हवेवाचून जवळजवळ कुजत नाहीत म्हणून आणि वरून नवा माल येतच राहतो म्हणून.

अलीकडे पावडरीसोबत तळाशी हवा सोडणारे पंपही बसवतात. फरक दिसला की श्रेय पावडरीला मिळतं. ते कोणाचं हे ठरवायला तळ्याचे पडद्याने दोन भाग करून एकात फक्त हवा आणि दुसऱ्यात हवा अधिक जिवाणू ठेवावे लागतात, आणि दोन्हींकडचा गाळ आधी व नंतर त्या ५५० अंशांच्या भट्टीत जाळून तोलावा लागतो.