जाळ्यात चारच पिल्लं

जुलैचं ऊन, कमरेइतकं गढूळ पाणी आणि शंभर फुटांचं जाळं. जाळ्याचं एक टोक काठावरच्या माणसाच्या हातात असतं. दुसरं टोक धरून त्याचा साथीदार पाण्यात शिरतो, अर्धवर्तुळ घेत पुन्हा काठाला येतो, आणि मग दोघं मिळून जाळं वाळूवर ओढून घेतात. कोकणात रापण ओढताना ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच ओळखू येईल. पण हे मोजके लोक मासळी विकायला नाही, मोजायला आले आहेत, आणि ही खाडी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची चेसापीक आहे. जाळ्यात आलेली बोटभर लांबीची पिल्लं मोजायची आणि परत पाण्यात सोडायची. मेरीलँड राज्य १९५४ पासून दर उन्हाळ्यात हेच करत आलं आहे. ठरलेल्या २२ जागा, मोसमात तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीत प्रत्येक जागी दोनदा जाळं. म्हणजे वर्षाला १३२ ओढी.

२०२५ मध्ये एका ओढीला स्ट्राइप्ड बासची सरासरी ४ पिल्लं मिळाली. इतक्या वर्षांची सरासरी ११ च्या आसपास आहे. २०२४ मध्ये हा आकडा २ होता, २०२३ मध्ये १. सरासरीच्या खाली राहिलेलं हे सलग सातवं वर्ष.

स्ट्राइप्ड बास म्हणजे चंदेरी अंगावर सात-आठ काळ्या आडव्या रेघा असलेला दणकट मासा. उत्तरेकडे त्याला लाडाने ‘स्ट्रायपर’ म्हणतात, मेरीलँडमध्ये ‘रॉकफिश’. आपल्याकडे पापलेट जसा राज्यमासा, तसा हा मेरीलँडचा. तो राहतो समुद्रात, पण अंडी घालायला वसंतात नद्यांच्या गोड्या पाण्यात चढतो, हिलशासारखा. अटलांटिक किनाऱ्यावर फिरणारे बहुतेक स्ट्रायपर जन्माला येतात ते चेसापीकला मिळणाऱ्या नद्यांमध्ये. मेन राज्यातल्या खडकावर उभा राहून गळ टाकणारा माणूससुद्धा या एका खाडीच्या भरवशावर असतो.

या माशाची काळजी नवी नाही. मॅसॅच्युसेट्स बेच्या वसाहतीने १६३९ मध्येच कायदा केला होता की बास शेतात खत म्हणून टाकायचा नाही. पण खरी परीक्षा झाली ती १९७० च्या दशकात. १९७३ मध्ये व्यावसायिक मासेमारीने उच्चांक गाठला आणि पुढच्या दहा वर्षांत सगळं कोसळलं. १९८४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने या एका माशासाठी वेगळा कायदा केला. १ जानेवारी १९८५ पासून मेरीलँडने मासेमारी पूर्ण बंद केली. व्यावसायिकही आणि हौशीही. बंदी पाच वर्षं चालली. ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या रॉकफिशवर चूल पेटत होती त्यांनी ती पाच वर्षं कशी काढली असतील, हे मासेमारी बंदीचे दोन महिने काढणाऱ्या आपल्या कोळीवाड्यांना वेगळं सांगायला नको. मासा मात्र परतला. १९९५ मध्ये तो पूर्ण सावरल्याचं जाहीर झालं आणि १९९६ मध्ये त्याच जाळ्यात एका ओढीला सरासरी ५९ पिल्लं आली. तो विक्रम अजून मोडलेला नाही.

म्हणूनच आज अनेक जण म्हणतात, तेव्हा केलं तेच पुन्हा करा. पण या वेळचं दुखणं तसं नाही.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात प्रजननक्षम माद्यांचा साठा १९९५ च्या पातळीखाली गेल्याचं दिसलं, आणि मासेमारीही झेपेल त्यापेक्षा जास्त चालू होती. त्यानंतर निर्बंध आले, मासेमारीचा दाब कमी झाला. आज साठा त्या पातळीच्या थोडाच खाली आहे. १९८० च्या सुरुवातीला होता त्याच्या कितीतरी पट जास्त. माद्या आहेत, नदीत चढतात, अंडीही घालतात. तरी पिल्लं जगत नाहीत.

का, हे समजायला एका अंड्याच्या मागे जाऊ. मोठ्या मादीच्या गाभोळीत वीस-तीस लाख अंडी असू शकतात. ती तळाला चिकटत नाहीत. पाण्यापेक्षा किंचितच जड असल्यामुळे प्रवाहाबरोबर अधांतरी वाहत राहतात. प्रवाह मंदावला तर तळाच्या गाळात रुततात आणि गुदमरतात. साधारण दोन दिवसांत अळी बाहेर पडते. काही दिवस तिला पोटाला जोडलेल्या बलकाचा आधार असतो. तो संपला की पुढ्यात खाणं हवंच, आणि तेही तिच्या इवल्या तोंडात मावेल असं, म्हणजे प्राणिप्लवक. गोडं पाणी आणि खारं पाणी जिथे भेटतं त्या गढूळ पट्ट्यात हे प्लवक दाटीने साठतं. हिवाळा थंड आणि बर्फाचा झाला, वसंतात नद्या भरून वाहिल्या, की प्लवकाचा बहर आणि अळीची भूक यांची वेळ जुळते. हिवाळा ऊबदार आणि कोरडा गेला की बहर आधीच येऊन ओसरतो. अळ्या जन्मतात तेव्हा ताटच रिकामं असतं. गेल्या काही वर्षांत असे हिवाळे वारंवार आले. शिवाय बाहेरून आणून सोडलेला ब्लू कॅटफिश आता खाडीभर पसरलाय आणि दिसेल ते खातोय.

व्यवस्थापनाची खरी अडचण इथे आहे. अटलांटिक किनाऱ्यावरच्या राज्यांचा मत्स्य आयोग गळावर नियम घालू शकतो, हिवाळ्यावर नाही.

आता गळाकडे वळू. स्ट्रायपरच्या मृत्यूंमध्ये मोठा वाटा जाळ्यांचा नसून हौशी गळवाल्यांचा आहे, आणि त्यातली एक बाब मला फार अस्वस्थ करते. बहुतेक जण मासा पकडून सोडून देतात. तो शेपटी मारून निघून जातो, सोडणाऱ्याला समाधान वाटतं. पण शास्त्रज्ञांच्या हिशेबात असे शंभर मासे सोडले की त्यातले ९ पुढे मरतात. आकडा लहान वाटतो. मात्र सोडलेले मासे वर्षाला कोटींच्या घरात जातात, त्यामुळे काही वर्षी सोडून दिल्यानंतर मेलेले मासे खाण्यासाठी नेलेल्या माशांच्या बरोबरीला येतात. उन्हाळ्यात तर आणखी वाईट. वरचं पाणी तापलेलं, खोल पाण्यात प्राणवायू नाही. मासा मधल्या पट्ट्यात अडकलेला असतो आणि तिथून त्याला झुंजवत वर ओढलं जातं. म्हणून मेरीलँडने काही वर्षं जुलैचा दुसरा पंधरवडा गळ टाकणंच बंद ठेवलं. आमिष लावायचं तर टोक आत वळलेला गोल गळच वापरावा, असा नियमही आला. तो पोटात न रुतता जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो.

दुसरा नियम आकाराचा. महाराष्ट्राने अलीकडे सुरमई, पापलेट अशा माशांना किमान लांबी ठरवून दिली, त्याखालचा मासा पकडायचा नाही. स्ट्रायपरला वरचीही मर्यादा आहे. समुद्रात २०२३ पासून फक्त २८ ते ३१ इंचांमधला एकच मासा घरी नेता येतो. ३१ इंचांवरची थोरली मादी सोडायची. हा मासा तीस वर्षंही जगतो, आणि मादी जितकी मोठी तितकी तिची गाभोळी भारी. दहा वाईट वसंत निघून गेले तरी अकराव्या चांगल्या वसंतात ती नदीत हजर असेल. हवामान आपल्या हातात नसताना एवढंच करता येतं: चांगलं वर्ष येईपर्यंत आया जिवंत ठेवायच्या.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आयोगापुढे मासेमारीत आणखी १२ टक्के कपातीचा प्रस्ताव होता. तो मंजूर झाला नाही. बोटी भाड्याने देणारे, आमिषाची दुकानं चालवणारे यांचं म्हणणं होतं की आम्ही आधीच खूप सोसलंय, आणि ते खोटं नाही. तरीही मला तो निर्णय पटत नाही. साठा २०२९ पर्यंत सावरायचं ठरलं आहे, आणि मागून येणाऱ्या सात पिढ्या, म्हणजे सात वर्षांत जन्मलेली पिल्लं, विरळ आहेत.

सरासरीच्या वर गेलेली शेवटची पिढी २०१८ ची. त्यातल्या माद्या आता पहिल्यांदा-दुसऱ्यांदा अंडी घालायला नदीत चढताहेत. त्यांची लांबी सध्या २८ ते ३१ इंचांच्या मधोमध आहे, म्हणजे नेमकी घरी न्यायला परवानगी असलेली.