टोबाने माणूस खरंच संपत आणला होता का?

सुमारे 74 हजार वर्षांपूर्वी सुमात्रा बेटावरचा टोबा ज्वालामुखी फुटला, आकाश झाकोळलं, वर्षानुवर्षं हिवाळा पडला आणि पृथ्वीवर मूठभर माणसं उरली. ही गोष्ट इतक्या वेळा फिरली आहे की ती सिद्ध झाल्यासारखीच वाटते. स्फोट खरा, प्रचंडही. पुढचं प्रकरण मात्र डळमळीत आहे.

आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचा तळ एखाद्या जुन्या चोपडीसारखा आहे. गाळ थरावर थर साचत गेलेला. तिथून काढलेल्या गाळाच्या नळकांड्यांत टोबाची राख सापडली. राख म्हणजे काय, तर डोळ्यांना न दिसणारे काचेचे कण! त्यांची रासायनिक घडण टोबाशी जुळली आणि 2013 साली हे प्रसिद्ध झालं. आता खरी गंमत: राखेच्या लगेच वरचा आणि खालचा गाळ तपासला. कडाक्याची थंडी पडली असती, तर सरोवराचं पाणी ढवळलं असतं, शेवाळांच्या जाती आणि त्यांचं प्रमाण बदललं असतं. तसं ठळक काही दिसलंच नाही. पूर्व आफ्रिका, म्हणजे जिथे तेव्हा माणसं राहत होती असा भाग, फारसा गारठला नव्हता.

आंध्रातल्या ज्वालापुरमलाही टोबाच्या राखेखाली आणि राखेवर दगडी हत्यारं मिळाली आहेत, बरीचशी सारख्याच धाटणीची. म्हणजे तिथली माणसं स्फोटानंतरही टिकली असावीत.

मूठभर माणसं उरली याचा पुरावा म्हणून आपल्या जनुकांतल्या कमी विविधतेकडे बोट दाखवलं जातं. मग ती इतकी कमी का? आफ्रिकेतून छोट्या-छोट्या टोळ्यांनी बाहेर पडत गेल्यानेही ती घटते. त्यासाठी ज्वालामुखीच हवा असं नाही.